गोळी मोफत, खाडा महाग

एचआयव्हीची गोळी सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, फुकट मिळते आणि ती चांगली गोळी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण नुकताच रिपोर्ट हातात आलेल्या माणसाला चार लोक जे कानात सांगतात त्यात या दोन गोष्टी सहसा नसतात. मोठ्या शहरातल्या खासगी डॉक्टरकडे हजारो रुपये मोजल्याशिवाय 'खरं औषध' मिळत नाही, हा समज अजून गावोगाव आहे. महाग आहे ते गोळीच्या आजूबाजूचं सगळं: केंद्रावर जायचा दिवस, त्या दिवसाची बुडालेली रोजंदारी, जाण्यायेण्याचं भाडं आणि घरी नाहीतर कामावर मारायची थाप. उपचार मोडतात ते पुष्कळदा या खर्चापायी. म्हणून या लेखात औषधाबद्दल थोडं आणि त्या दिवसाबद्दल जास्त लिहिलं आहे.

फुकट मिळणंही आपोआप आलेलं नाही. तीन औषधांच्या उपचाराचा एका माणसाचा वर्षाचा खर्च परदेशी कंपन्यांच्या दरानं दहा हजार डॉलरच्या वर जात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तोच उपचार 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभरचे भाव उतरले. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली. मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. तेव्हा सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, बराच खाली उतरल्याशिवाय गोळ्या चालू होत नसत. ती अट हळूहळू सैल होत गेली आणि २०१७ मध्ये पूर्ण गेली. तेव्हा 'तुझा सीडी-फोर चांगला आहे, इतक्यात गोळ्या कशाला' असं तुम्हाला आज कुणी सांगत असेल, मग तो फॅमिली डॉक्टर का असेना, तर तो सल्ला जुना झालेला आहे. निदान झालं की उपचार, हाच नियम.

पहिल्या फेरीला आयसीटीसीचा (सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्राचा) रिपोर्ट, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो न्या. तिथं सीडी-फोर, हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी होते. डॉक्टर चार गोष्टी विचारतात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम सुटतो का. इथं काही लपवू नका. एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव आपल्या देशात सर्वांत जास्त घेते ती टीबी. ती असेल तर आधी तिची औषधं आणि मागोमाग एआरटी, असा क्रम लागतो. नसेल तर ती होऊ नये म्हणून वेगळा कोर्स देतात, तो पुरा करा. एक गोष्ट हक्कानं विचारा: 'गोळ्या आजच चालू करता येतील का?' तयारी असेल आणि टीबीची शंका नसेल, तर पुष्कळदा त्याच दिवशी नाहीतर आठवडाभरात सुरुवात होते. 'पुढच्या महिन्यात या' म्हटल्यावर गेलेला माणूस कधीकधी वर्षानं, फार आजारी होऊन परत येतो.

केंद्र कुठलं निवडायचं हा पेच मात्र खरा आहे. आपल्याच तालुक्याच्या दवाखान्यात नर्स ओळखीची, शिपाई भावकीतला. म्हणून साताऱ्याचा माणूस पुण्याला नाव घालतो, लातूरचा सोलापूरला. तशी मुभा आहे आणि यात गैर काही नाही. फक्त हिशेब आधी मांडा. पहिली दोन वर्षं जोरात जाणं होतं. मग एका पावसाळ्यात गाडी चुकते, एका लगीनसराईत पैसे नसतात आणि तारीख हुकते. माझं मत असं की सुरुवातीला लांबचं केंद्र घेतलं तरी चालेल, पण तब्येत बसली की तालुक्याच्या लिंक एआरटी केंद्रात, म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रात, गोळ्या मिळवायची विनंती करा. तोवर तुम्ही तिथं आजारी दिसत नसता, आणि धडधाकट माणसाच्या हातातल्या पिशवीकडे कुणी फार वेळ बघत नाही.

गोळी

सध्या बहुतेक प्रौढांना टीएलडी मिळते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत असतात. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही घेतली तरी चालते. आधीच्या एफाव्हिरेन्झच्या गोळीनं डोकं गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची, म्हणून ती रात्री घ्यायला सांगत. घरातल्या जुन्या पेशंटनं 'रात्रीच घ्यायची असते' असं सांगितलं तर ते त्या गोळीबद्दल होतं. टीएलडीनं झोप उडत असेल तर ती सकाळी घ्या.

ही गोळी बऱ्याच औषधांशी जमवून घेते, पण काहींशी तिचं बिनसतं. ॲसिडिटीचं पांढरं किंवा गुलाबी औषध जवळपास घेतलं तर ते डोल्युटेग्राविरला अंगात शिरू देत नाही. म्हणून त्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचं तसंच आहे, फक्त त्या जेवणासोबत टीएलडीबरोबर घेता येतात. गरोदर बाईच्या पिशवीत या तिन्ही गोळ्या एकत्र असतात, म्हणून तिला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. डायबेटीसची मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरला सांगा, तिचा डोस आटोक्यात ठेवावा लागतो. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांनी लागते. ती लिहून दिली नसेल तर विचारा.

गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका.

पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यामुळे दुसऱ्या फळीच्या औषधांवर असलेल्यांसाठी एक सांगायचं. अटाझानाविरनं कुणाकुणाचे डोळे पिवळे पडतात. दिसायला काविळीसारखं, पण पुष्कळदा निरुपद्रवी असतं. लोक घाबरून गोळी बंद करतात आणि काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्यायला जातात. तसं करू नका. डोळे पिवळे दिसले की केंद्रात दाखवा, रक्त तपासू द्या आणि थांबायचं की नाही ते तिथं ठरू द्या. एचआयव्ही 'मुळापासून घालवणाऱ्या' बुवा-वैद्यांबद्दल इतकंच की हा आजार बरा करतो असा दावा औषधावर करायलाच कायद्यानं बंदी आहे.

बाटलीचं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत आणि घरात तोच सर्वांत मोठा असतो. तीस किंवा नव्वद गोळ्यांची प्लॅस्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते. वरती थोडा कापूस घातला की आवाज थांबतो. आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका. रोजच्या रोज बाटली काढणं अवघड असेल तर चार दिवसांच्या गोळ्या छोट्या कोरड्या डबीत ठेवा. लेबल काढायचंच असेल तर आधी औषधाचं नाव केंद्रातून मिळणाऱ्या हिरव्या पुस्तकात लिहिलेलं आहे ना, ते बघा. अपघात झाला, बेशुद्ध पडलात, तर दुसऱ्या डॉक्टरला तुम्ही काय घेता हे कळायला हवं.

आकडा विचारून घ्या

व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूचं मोजमाप. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा ही तपासणी मोफत होते. 'रिपोर्ट ठीक आहे' एवढ्यावर उठू नका. आकडा विचारा आणि पुस्तकात लिहून घ्या. तो हजाराच्या खाली असेल तर औषध काम करतंय. विषाणू सापडलाच नाही असं आलं आणि गोळ्या रोज चालू राहिल्या, तर तुमच्यापासून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही हे स्पष्ट म्हटलेलं आहे. केंद्रातल्या समुपदेशनात हे वाक्य अजून दबक्या आवाजात सांगितलं जातं. लोक निष्काळजी होतील अशी भीती वाटत असावी. मला ती भीती चुकीची वाटते. नवऱ्याजवळ जाताना रोज मनात 'मी याला देतेय' असं घेऊन जगणाऱ्या बाईला हे कळलं तर ती गोळी जास्त नेमानं घेईल. सुईतून किंवा रक्तातून होणाऱ्या लागणीला हा नियम लागू नाही, आणि इतर लैंगिक आजारांपासून कंडोमच वाचवतो, तेवढं लक्षात ठेवा.

मूल हवं असेल तर आधी केंद्रात सांगा आणि व्हायरल लोड दबलेला असताना दिवस राहू द्या. उपचाराशिवाय आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के. आईचे उपचार नीट असतील आणि बाळाला जन्मापासून औषध मिळालं तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते आणि शेवटची दीड वर्षाचं झाल्यावर. मधली एकही चुकवू नका.

आता आकडा हजाराच्या वर आला तर? केंद्रात गोळ्या मोजतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे उरलेल्या गोळ्या वाटेत टाकून मोजदाद बरोबर करून जाणारे लोक आहेत. मोजदाद जुळते, व्हायरल लोड जुळत नाही. मग डॉक्टरला वाटतं की औषधच निकामी झालं, आणि गरज नसताना दुसऱ्या फळीच्या औषधांकडे गाडी वळते. समुपदेशकाला खरं सांगा: दारू झाली, गोळ्या संपल्या, सासू आली होती म्हणून डबी काढता आली नाही. आकडा वर गेल्यावर आधी काही महिने समुपदेशन आणि फेरतपासणी होते, औषध लगेच बदलत नाहीत. त्या काळात खरं बोलणारा वाचतो.

हंगाम आणि गोळ्या

खाडा सर्वांत जास्त पडतो तो स्थलांतरात. बीड, जालना, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातून दिवाळीच्या आसपास टोळ्या उसाला निघतात, सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस खाडा धरला की मुकादम दंड कापतो. अशा माणसाला 'दर महिन्याला तारखेला या' म्हणणं म्हणजे उपचार सोडा म्हणण्यासारखंच.

तयारी नवरात्रात करा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, त्या निघायच्या आठवड्यात मिळतील अशी तारीख जुळवून घ्या. समुपदेशकाला कारखान्याचं नाव आणि तालुका सांगा, जवळचं एआरटी किंवा लिंक केंद्र कुठलं ते विचारा. हंगाम पाच-सहा महिन्यांचा धरला तर मधे एकच फेरी पडते, साधारण जानेवारीत. तीही दोन तऱ्हांनी निभावते. एक, नाव तिकडच्या केंद्रात रीतसर बदली करून घ्यायचं. दोन, नाव इथंच ठेवून तिकडून तात्पुरत्या गोळ्या घ्यायच्या, कारण पेशंटची नोंद आता संगणकावर असते आणि वाटेतल्या केंद्राला ती बघता येते. दर वर्षी कारखाना बदलत असेल तर मला दुसरी तऱ्हा बरी वाटते. बदलीचे कागद एकीकडून निघतात आणि दुसरीकडे पोचेपर्यंत हंगाम संपतो. आधी बोलून ठेवलं असेल तर गावी राहिलेला घरचा माणूसही पुस्तक दाखवून गोळ्या आणू शकतो. हिरवं पुस्तक कुठल्याही परिस्थितीत बरोबर हवं, आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या लिहिलेल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये.

फडात जायला पहाटे तीन-चारला उठावं लागतं, तेव्हा 'रात्री नऊ वाजता' सारखी घड्याळाची वेळ टिकत नाही. गोळी पहिल्या चहाला बांधा. कोपीत बाटली चुलीपासून आणि पत्र्यापासून लांब, कपड्यांच्या गाठोड्यात मधोमध ठेवा. ट्रॅक्टरवर ठेवलेल्या पिशवीत दिवसभर ऊन खाऊ देऊ नका. बांधकाम, वीटभट्टी, ट्रक यांवरच्या लोकांनाही हाच सल्ला. ट्रकवाल्यांनी बाटली केबिनच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, एवढंच वेगळं.

केंद्रातच गोळ्या नाहीत असंही होतं. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात देशात औषधांचा तुटवडा झाला आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दाराशी ठाण मांडलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर रिकाम्या हातानं परतू नका. दहा दिवसांच्या का होईना, गोळ्या मागा. कधी मिळतील ते पुस्तकात लिहून मागा. शेजारच्या केंद्रात आहेत का, हे त्यांनाच फोन करून विचारायला लावा. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि एरवी पाच-सात गोळ्या शिल्लक राहतील अशा बेतानं दोन-चार दिवस आधीच जा.

कुणाला सांगायचं, कुणाला नाही

१९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदान करणाऱ्या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून पोलिसांनी उचलून म्हापशाच्या एका जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं, आणि तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात ते बसत होतं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं काम करायला तंदुरुस्त असलेल्या माणसाला निव्वळ एचआयव्हीवरून कामावरून काढता येणार नाही, असा निकाल दिला. आज २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, तुमची माहिती कुणाला देता येत नाही, आणि नोकरी, शाळा, भाड्याचं घर किंवा दवाखान्यातले उपचार एचआयव्हीमुळे नाकारता येत नाहीत.

कायदा असून काय होतं, हे तुम्ही म्हणाल. बाळंतपणाला किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला 'आमच्याकडे सोय नाही, सिव्हिलला न्या' असं गोड शब्दांत सांगितलं जातंच. तेव्हा भांडण करण्यापेक्षा नकार कागदावर मागा. 'केस पेपरवर तेवढं लिहून द्या, साहेब.' हे ऐकल्यावर पुष्कळ ठिकाणी सोय सापडते. नाहीच सापडली तर सिव्हिल हॉस्पिटलमधल्या जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला म्हणजे 'डापकू'ला गाठा. कायद्यात राज्याच्या लोकपालाकडे जायचीही तरतूद आहे. घटना कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते, तातडीच्या उपचाराचं प्रकरण असेल तर चोवीस तासांत आदेश देता येतो. त्यासाठी वकील लागत नाही.

नवरा गेल्यावर सुनेला 'तूच खाल्लास' म्हणत बाहेर काढणाऱ्या घरांसाठी या कायद्यात एक कलम आहे: बाधित व्यक्तीला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, तिला तिथून काढता येत नाही. आई-बाप दोघंही आजारी असतील तर बारा वर्षांवरचं समंजस मूल धाकट्या भावंडांचं पालक म्हणून शाळेत नाव घालू शकतं, बँकेचं खातं चालवू शकतं. हे शाळेच्या हेडमास्तरांना बहुधा ठाऊक नसतं.

पैशाच्या योजनांचं थोडक्यात सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्त बसतात, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आणि महिन्याचं अनुदान १,५०० रुपये. मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये. एसटीत सवलत आहे. पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं, आणि गाडी बहुधा आपल्याच गावची असते. म्हणून पुष्कळ लोक मुकाट्यानं तिकीट काढतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. निराधारच्या अर्जाला मात्र लाजू नका. तहसीलमध्ये अर्ज देताना कागद बंद पाकिटात द्या आणि आजाराचं नाव जाहीर यादीत येऊ नये, असं लेखी मागा.

इतर तपासण्यांचंही सांगून ठेवतो. बायांनी वर्षातून एकदा गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला त्या कॅन्सरचा धोका इतर बायांच्या सहापट असतो आणि लवकर सापडला तर तो थोपवता येतो. २००४-०५ ला गोळ्या सुरू केलेले लोक आता पन्नाशी-साठीत आले आहेत. त्यांचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायला कुणी सांगत नाही, कारण केंद्रात सगळ्यांचं लक्ष एकाच विषाणूवर असतं. व्हायरल लोडला जाल त्याच दिवशी हीही तपासणी उरकून घ्या.

जन्मापासून गोळ्या घेणाऱ्या मुलांचं वेगळं आहे. 'ही ताकदीची गोळी' हे उत्तर सहा-सात वर्षांपर्यंत चालतं. त्यानंतर मुलाला कळेल तेवढं, तुकड्यातुकड्यानं सांगत जावं आणि बाराच्या आसपास आजाराचं नाव त्याला आई-बापाकडून नाहीतर समुपदेशकासमोर कळावं. दहावीच्या विज्ञानाच्या तासाला किंवा कुणा आत्याच्या तोंडून कळलेलं मूल गोळी खिडकीतून फेकतं. सांगायचा दिवस परीक्षेच्या तोंडावर धरू नका, आणि सांगितल्यावर पुढच्या दोन-तीन तारखांना त्याला एकट्यानं समुपदेशकाशी बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा.